गंज झाकू नये, कापून काढावा

(संस्थेच्या तरुण सभासदांच्या मेळाव्यात शाहूपुरी, कोल्हापूर येथे केलेले भाषण)





तथागत भगवान बुद्ध, परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ज्यांनी ही पेठ वसवली ते राजर्षी शाहू छत्रपती यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो.

संस्थेचे सेक्रेटरी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "या वर्षी मेळाव्यात तुम्ही दोघा भावांनी बोलायचे." आम्ही म्हणालो, "साहेब, या व्यासपीठावर प्राध्यापक बोलले, वकील बोलले. आम्ही गाड्यांचा पत्रा ठोकणारे. आम्ही काय बोलणार?" त्यावर ते म्हणाले, "पोरांना पुस्तकातले पुष्कळ सांगून झाले. तुम्ही हातातले सांगा." म्हणून हे धाडस केले आहे. बोलायला एकच जण उभा असला तरी धंदा दोघांचा आहे आणि भाषणही दोघांचे आहे. तेव्हा आम्ही 'आम्ही' म्हणूनच बोलणार.

आत येताना दारात उभी असलेली निळी मॅटाडोर पिकअप आपण पाहिलीच असेल. १९८८ सालची ही गाडी संस्थेची आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा तिच्याशी कधी ना कधी संबंध आला आहे. जयंतीला मूर्ती आणि सतरंज्या तिच्यातूनच येतात. लग्नकार्याची भांडी तीच नेते आणि दुःखाच्या प्रसंगीही तीच दारात येऊन उभी राहते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती सखल जागी उभी होती. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी दोन्ही खुणा ओलांडून खूप वर गेले आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागात घराघरात शिरले. आपली मॅटाडोर सीटपर्यंत बुडाली. इंजिन लगेच खोलून चालू केले. पत्र्याकडे मात्र कुणी पाहिले नाही, आम्हीही नाही. गेल्या वर्षी ड्रायव्हरच्या पायाखाली रस्ता दिसू लागला, तेव्हा सगळे जागे झाले. कुणी म्हणाले भंगारात घाला, कुणी म्हणाले वरून चांगला रंग मारा. आम्ही म्हणालो, सहा रविवार द्या आणि मदतीला सहा मुले द्या. चार मुलगे आणि दोन मुली आल्या. त्या सहा रविवारांची ही हकिगत आहे.

पहिल्या दिवशी मुलांनी विचारले, "दादा, पत्रा गंजतो कशाने?" हे समजल्याशिवाय हातात हातोडा घेऊ नये. लोखंड, पाणी आणि हवा यांची गाठ पडली की गंज चढतो. त्यात मीठ मिसळले की तो दौडत येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा अडवतो, म्हणून वरच्या रंगाला फोड येतो. आपल्याला बाहेरून दिसतो तो एवढासा फोड. आत पत्र्याची पापुद्र्यासारखी अवस्था झालेली असते. पत्रा बहुधा आतून बाहेर गंजत येतो हे ध्यानात ठेवावे.

आपल्या कोल्हापुरात गंजाला खाद्यही भरपूर. शाहूपुरी ही पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. रेल्वे चारच वर्षे आधी, १८९१ साली, कोल्हापूरला पोचली होती. आधी बैलगाड्या, मग ट्रक, मग टेम्पो असे करत गुळाने या भागातल्या वाहतुकीला पोसले. पण गूळ हवेतली ओल ओढून घेतो. फटीत सांडलेला गूळ पावसाळ्यात पाझरतो, त्यावर धूळ बसते आणि तो चिकट थर महिनोन्महिने ओला राहतो. गुळानंतर त्याच गाडीतून खताची पोती जातात. म्युरिएट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे मिठाचाच चुलतभाऊ. आंबा घाट चढून रत्नागिरीची मासळी आणणाऱ्या गाडीत तर बर्फाचे खारे पाणी रात्रभर ठिबकत असते. त्यात पश्चिमेकडचा चार महिन्यांचा पाऊस. आणि ड्रायव्हर मंडळी पाय गार राहावेत म्हणून रबराच्या मॅटखाली गोणपाट घालतात. ते गोणपाट जूनमध्ये भिजते ते दिवाळीपर्यंत वाळत नाही. केबिनचा मजला कुठे गंजला असेल हे शोधायला फार हुशारी लागत नाही. गोणपाट उचलायचे.

तर आम्ही सीटा काढल्या, मॅट काढली, दरवाज्यांचे आतले पुठ्ठे काढले. बॅटरीची तार सोडली, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवली. महापुराचा गाळ अजून पायदानाच्या पोकळीत होता, वाळून विटेसारखा झालेला. तो खरडून काढला तर दोन घमेली भरली. सगळे धुऊन वाळवले आणि मग तपासणी सुरू केली.

तपासणीला यंत्र लागत नाही. एक स्क्रूड्रायव्हर, एक लहान हातोडी आणि खडू. हातोडीने हळू ठोकत जायचे. चांगला पत्रा 'ठण' असे उत्तर देतो, कुजलेला 'भद' असा बोलतो. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबायचे. आत गेले तर खडूने गोल करायचा. एका मुलाने पंधरा मिनिटांनी हात थांबवला आणि म्हणाला, "दादा, आता खडू मारायला जागाच उरली नाही." त्याचे खरे होते. ड्रायव्हरच्या पायाखालचा मजला, दोन्ही बाजूंची पायदाने, दरवाज्यांचे तळ, मागच्या भिंतीचा खालचा वीतभर पट्टा आणि पुढच्या काचेचा एक कोपरा, एवढे गेलेले होते.

त्यातला काचेचा कोपरा सगळ्यांत लहान होता, पण आम्ही मुलांना त्याच्यासमोर सगळ्यांत जास्त वेळ उभे केले. काचेचे रबर कडक होऊन चिरले होते. तिथून पावसाचे पाणी आत येई, डॅशबोर्डच्या मागून उतरे आणि बरोबर ड्रायव्हरच्या पायाखाली साठे. मजल्याचे भोक खाली होते, पण दुखणे वर होते. नुसता मजला बदलला असता तर दोन पावसाळ्यांत नवा मजलाही गेला असता. पाणी कुठून येते ते आधी बंद करावे, मग पत्र्याला हात घालावा.

आता आम्हाला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती सांगावी की नाही यावर आम्हा भावांत दोन दिवस वाद झाला. शेवटी सांगायचे ठरले.

१९९१ साल असेल. आम्ही दोघे एका गॅरेजमध्ये शिकाऊ होतो. एक पिकअप गाडी आली. गुळाचा हंगाम तोंडावर होता आणि चार दिवसांनी तिचे पासिंग होते. क्लिनरच्या बाजूचे पायदान गंजून चाळण झाले होते. मिस्त्री म्हणाले, "आरं, कापाकापी कशाला? भोकात पोतं कोंबा, वरनं लांबी मारा, काळा रंग फासा. पासिंग झालं की सुटलो." आम्ही तसेच केले. खोटे कशाला सांगू, आम्हाला त्या कामाचा अभिमान वाटला. लांबी इतकी गुळगुळीत घासली होती की रंग दिल्यावर पायदान आरशासारखे दिसत होते. मालकाने खूश होऊन चहाला पैसे दिले. गाडी पास झाली.

हंगामाच्या दुसऱ्या महिन्यात त्या गाडीवर आमच्याच गल्लीतले एक हमाल काका कामाला होते. तीस-तीस किलोचे गुळाचे रवे भरून झाले, गाडी हळू चालू झाली आणि ते नेहमीप्रमाणे केबिनमध्ये बसायला पायदानावर चढले. पायदान त्यांच्या पायाखाली पापडासारखे फुटले. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि पत्र्याच्या धारेने पोटरी चिरली. टाके पडले, जखम चिघळली, शिरेला इजा झाली. काका पुन्हा कधी ओझे उचलू शकले नाहीत. पुढे काकूंनी भाजी विकून घर चालवले. सगळे म्हणाले, गाडी जुनी होती, नशीब वाईट. पायदान कुणी बनवले हे कुणी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही. मिस्त्रींनी सांगितले म्हणून केले, असे मनाशी म्हणत राहिलो. पण पोते कोंबणारे हात आमचे होते.

मित्रहो, लांबी म्हणजे पुट्टी ही वाईट वस्तू नाही. चांगल्या पत्र्यावरचा बारीक खड्डा भरायला ती आहे, कागदाच्या पुठ्ठ्याएवढी पातळ. तिच्यात भार पेलण्याची ताकद नसते. शिवाय ती ओल शोषते. गंजावर ती लावली की खाली गंज आरामात वाढतो, वरून कुणाला दिसत नाही. उघडे भोक निदान माणसाला सावध करते. झाकलेले भोक त्याला बोलावून घेते.

म्हणून या वेळी पहिला नियम फळ्यावर लिहिला : गंज झाकायचा नाही, कापून काढायचा. कुठपर्यंत? चांगले लखलखीत लोखंड लागेपर्यंत, आणि त्याच्याही पुढे बोटभर. मुलांना हे जड गेले. भोक रुपयाएवढे आणि कापायचे ताटाएवढे, हे मनाला पटत नाही. पण कडेला पातळ झालेला पत्रा ठेवला तर वेल्डिंगची ज्योत लागताच तो जळून मागे सरकतो, भोक आपोआप मोठे होते आणि जोड कधीच धरत नाही.

कापण्याआधी आणखी एक काम असते, ते नवशिके विसरतात. पायदान आणि मजला हेच केबिनच्या खांबांना धरून असतात. ते एकदम कापले तर केबिन किंचित बसते, खांब तिरपे होतात आणि मग दरवाजा जन्मभर नीट लागत नाही. म्हणून दरवाजाच्या चौकटीत लोखंडी अँगलचा आडवा आणि तिरपा आधार टाक्यांनी जोडून घेतला. दरवाजा लावून चारी बाजूंची फट मोजून खडूने लिहून ठेवली. एका वेळी एकच बाजू कापली. ती पुरी झाल्यावरच दुसरी.

मग नमुना. पत्र्यावर थेट कात्री चालवायची नाही. आधी पुठ्ठा कापून जागेवर बसवून पाहायचा. आमच्या गटातली एक मुलगी आईकडे शिवणकाम शिकलेली. तिने पुठ्ठा हातात घेतला आणि विचारले, "दादा, माया किती सोडायची?" आम्ही चाट पडलो. तीस-पस्तीस वर्षांत हा शब्द आम्हाला सुचला नव्हता. कपड्याला शिवणीसाठी माया सोडतात तशी पत्र्यालाही दुमडीसाठी सोडावी लागते. त्या दिवसापासून सगळे नमुने तिनेच कापले आणि एकही पत्रा वाया गेला नाही.

पत्रा कोणता घ्यायचा? मजल्याला आणि पायदानाला आम्ही १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा सी.आर. पत्रा घेतला. दरवाज्यांच्या तळाला २० गेज, म्हणजे ०.९ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे नवीन माणसाला उलटे वाटते. काही जण जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरा म्हणतात. वापरायला हरकत नाही, पण वेल्डिंगच्या जागेवरचा मुलामा आधी घासून काढलाच पाहिजे. जळत्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी-ताप भरतो. हा अनुभव आम्ही घेतला आहे, तुम्ही घेऊ नका.

ठिगळाचे कोपरे चौकोनी ठेवू नयेत, गोल करावेत. टोकदार कोपऱ्यावर ताण आणि उष्णता दोन्ही एकवटतात आणि चीर तिथूनच सुरू होते. ठिगळ जुन्या पत्र्यावर चढवण्यापेक्षा समोरासमोर बसवावे. एकावर एक पत्रा चढवला की मधल्या फटीत पाणी मुक्कामाला येते. समोरासमोर बसवायला कानस जास्त चालवावी लागते, अर्धा दिवस जास्त जातो. तो द्यावा.

वेल्डिंग आमच्या शिकाऊपणी गॅसवर होई. आता बहुतेक ठिकाणी सीओटू वेल्डिंग आले आहे, तेच आम्ही वापरले. पद्धत कोणतीही असो, पातळ पत्र्यावर एका दमात लांब टाका ओढला की उष्णतेने पत्र्याला पोट सुटते. म्हणून एक टाका इकडे, एक समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. हात लावून पाहायचे, गार झाला की पुढचा टाका. मग त्या टाक्यांच्या मध्ये पुन्हा टाके. एका मुलाची घाई चालली होती. त्याच्या हातून तळहाताएवढा भाग फुगला. आम्ही रागावलो नाही. फुगवट्यावर चार आण्याएवढी जागा तापवली, खाली डॉली धरून लाकडी मोगरीने हलके चार ठोके दिले आणि ओले फडके लावले. पत्रा आकसून जागेवर आला. मुलगा म्हणाला, "हे तर जादूसारखं आहे." जादू नाही. तापलेले लोखंड पसरते, गार होताना आकसते, एवढेच. चूक झाली की कारण समजून घ्यावे, म्हणजे दुरुस्तीही त्या कारणातच सापडते.

काम चालू असताना एक जण पाण्याची बादली आणि ओले गोणपाट घेऊन केबिनच्या दुसऱ्या बाजूला उभा असे. ठिणगी दिसत नाही अशा जागी पडते. गॅसवर काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की काळ्या ऑक्सिजनच्या नळकांड्याला तेलाचा हातही लावायचा नाही. डोळ्याला काच, पायात बूट, हातात कातडी मोजे याशिवाय आम्ही कुणाला जवळ येऊ दिले नाही. आमच्या पिढीने डोळे लाल करून घेतले, तो काही पराक्रम नव्हता.

जोड घासून सपाट केला. उरलेल्या बारीक गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण फिरवले, धुतले, वाळवले. नंतर प्रायमर, जोडावर पाण्याला अडवणारा मसाला, मग जिथे खरोखर खड्डा होता तिथे पातळ लांबी, पुन्हा प्रायमर आणि शेवटी निळा रंग. पायदानाच्या पोकळीत, जिथे ब्रश जात नाही तिथे, पातळ मेण फवारले. आणि प्रत्येक पोकळीच्या तळाशी कंपनीने ठेवलेली पाणी निघायची छिद्रे तारेने मोकळी केली. ती छिद्रे कुणीतरी पूर्वी लांबीने बुजवली होती. गाडी जास्त 'पॅक' केली असे त्याला वाटले असेल. बाहेरचे पाणी कितीही अडवा, थोडे आत जातेच. ते निघून जायला वाट ठेवणे हेच शहाणपणाचे.

पूज्य भन्तेजींनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे सांगतो. धम्मपदात मलवग्ग नावाचा वर्ग आहे. त्यात लोखंडाच्या गंजाचा दृष्टान्त आहे. गंज लोखंडातूनच उपजतो आणि लोखंडालाच खातो, तशी माणसाची वाईट कृत्ये माणसाला नेतात, असा त्याचा आशय. त्याच्या लगेच आधी सोनाराचा दृष्टान्त आहे : रुप्याचा मळ तो जसा थोडा थोडा, क्षणाक्षणाला काढतो तसा शहाण्याने स्वतःचा मळ काढावा. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगणारा भट्टीजवळ उभा राहून पाहणारा असला पाहिजे, असे आम्हा कारागिरांना वाटते.

दुसरी गोष्ट चुंदाची. भगवंतांनी शेवटचे भोजन घेतले ते पावा येथील चुंद या लोहाराच्या मुलाकडे. त्यानंतर भगवंतांचे दुखणे वाढले. तेव्हा त्यांना काळजी कशाची पडली? लोक चुंदाला दोष देतील, तो स्वतःला खात बसेल, याची. त्यांनी आनंदाला सांगून ठेवले की चुंदाच्या मनातली ही टोचणी काढून टाक, त्याचे दान मोठ्या पुण्याचे आहे. कामगाराच्या मनाचा एवढा विचार! आमच्या जुन्या गोष्टीत मात्र आम्ही चुंद नव्हतो. चुंदाने शुद्ध मनाने वाढले होते. आम्ही जाणूनबुजून पोते कोंबले होते.

काही तरुण आम्हाला विचारतात, "बाबासाहेबांनी जातीची कामे सोडा म्हणून सांगितले. मग पुन्हा हातोडा कशाला?" प्रश्न बरोबर आहे, त्याचे उत्तर दिले पाहिजे. १९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्यासारखी लादलेली कामे सोडायला सांगितले, कारण ती जन्माने गळ्यात बांधली होती आणि त्यांत माणुसकी नव्हती. पण हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि कामगारांच्या तांत्रिक शिक्षणाकडे त्यांनी जातीने लक्ष दिले. हाताचे काम हलके असे त्यांनी कधी मानले नाही. आमच्या कोल्हापुरातच, मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत, शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले. त्याच महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथला चहा घेतला. आपल्या माणसाने स्वतंत्र धंदा करावा आणि चारचौघांनी त्याच्याकडे मानाने यावे, हा त्यातला अर्थ. आमचा धंदा कुणी आमच्यावर लादला नाही, आम्ही तो निवडला. आणि निवडलेला धंदा सचोटीने केला की तीच सम्यक आजीविका.

तुमच्यापैकी ज्यांना शिकायचे असेल त्यांनी आयटीआयमध्ये जावे. वेल्डर, शीट मेटल वर्कर, मोटर मेकॅनिक असे ट्रेड आहेत. आता नव्या गाड्यांत जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि प्लॅस्टिक येते. अख्खा भाग काढून नवा बसवतात. म्हणून नुसत्या ठोकण्यावर पोट चालणार नाही, शिकत राहावे लागेल. पण तीन गोष्टी बदलणार नाहीत. कापण्याआधी गिऱ्हाइकाला भोक दाखवा, आता तर मोबाईलवर फोटो काढता येतो. बिलात जे केले तेच लिहा. आणि 'तात्पुरते करून द्या' असे कुणी म्हणाले तर ते तात्पुरते किती दिवस टिकेल आणि त्यावर कोण पाय ठेवणार आहे, हे विचारा. उत्तर पटले नाही तर काम सोडा. गिऱ्हाईक जाईल, दुसरे येईल.

शेवटचे सांगतो आणि थांबतो. सहाव्या रविवारी रंग वाळला. संध्याकाळी आम्ही दोघे गाडी घेऊन त्या हमाल काकांच्या घरी गेलो. काका आता थकले आहेत, काठी लागते. आम्ही दारातच उभे राहून सगळे सांगितले. १९९१ ची गाडी, पोते, लांबी, काळा रंग. आवाज नीट निघत नव्हता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला ठाऊक हुतं रं. पाय बाहेर काढला तवा भोकातनं पोतं लोंबत हुतं, त्ये मी बघितलं. गाडी कुठं दुरुस्त झाली त्ये बी ठाऊक हुतं. पोरं हायत, मिस्त्रीनं सांगितलं आसंल, म्हणून गप बसलो." थोडे थांबून म्हणाले, "पर यायला लई वर्सं लावली तुमी."

आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

काका उठले, काठी टेकत बाहेर आले. मॅटाडोरच्या पायदानाजवळ वाकले. काठीच्या टोकाने दोनदा ठोकून पाहिले, कान देऊन ऐकले. मग आमच्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी पायदानावर पाय टेकला आणि वर चढून ड्रायव्हरशेजारी बसले. म्हणाले, "चला, पेठंतनं एक चक्कर मारून आणा."

आम्ही त्यांना शाहूपुरीतून फिरवून आणले.



नमो बुद्धाय. जयभीम.